पाच जणांची दोनशे गाणी आणि हुरहुर मोजायचा खटाटोप

गेल्या जुलैत आम्ही पाच जण गुहागरला निघालो होतो, कुंभार्ली घाटात धो धो पाऊस, काचा धुरकटलेल्या, आणि गाडीत गाणी कोणाची लावायची यावरनं नेहमीचं भांडण सुरू झालं. अण्णा म्हणाला, मास्तरची नको रे बाबा, दहाव्याला निघाल्यासारखं वाटतं. मास्तर म्हणाला, मग तुझ्या त्या इंग्लिश गाण्यांत काय वेगळं आहे, तो माणूस पण तासभर कण्हतच असतो की. काकू म्हणाली, माझी लावा, जुनी आहेत, गोड आहेत, कोणाला त्रास नाही. त्यावर तिघं एकदम ओरडले की तुझीच सगळ्यात रडकी आहेत! मी मागच्या सीटवर भेळेची पिशवी मांडीत घेऊन बसले होते आणि बोलून गेले की हे मोजता येईल, मी मोजून दाखवते.

बोलून गेले म्हणजे खरंच मोजायचं होतं. माझं रोजचं काम आकड्यांचंच आहे, पुण्यात एका कंपनीत डेटाचं काम करते, आणि गाणं हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. पण या दोन गोष्टी मी कधी एकत्र आणल्या नव्हत्या.

आम्ही पाचही जण सांगलीला अकरावी-बारावीला एकत्र होतो, टोपणनावं तेव्हापासूनची. मास्तर आता मिरजेत राहतो, शाळेत शिकवतो आणि संध्याकाळी स्वतः गातो, तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीपासून त्याचं घर पाच मिनिटांवर. काकू ठाण्याला, तिच्या घरी रेडिओचं वेड दोन पिढ्यांचं. अण्णा बंगळूरला, फक्त इंग्रजी रॉक ऐकतो. आणि डॉक्टर खरोखरची डॉक्टर आहे, नारायणगावला क्लिनिक आहे तिचं, तमाशाच्या फडांचं गाव, तर ती लावणी ऐकते, आणि नुसती ऐकत नाही, जाणते.

मी प्रत्येकाला सांगितलं की ४० गाणी द्या. अट एकच, चारचौघांत लावता ती नकोत, एकटे असताना लावता ती द्या. याला दोन महिने गेले. अण्णाने एका रात्रीत दिली, मास्तरने १२ देऊन म्हणाला बाकीची विचार करून सांगतो, डॉक्टरने पेशंट बघता बघता व्हॉइस मेसेजवर गाणी गुणगुणून पाठवली आणि ती मी शोधत बसले. मग फाइली गोळा करणं. सीडी, विकत घेतलेल्या फाइली, काकूच्या वडिलांनी कॅसेटवरनं उतरवून ठेवलेलं, असं करत २०० गाणी एका फोल्डरमध्ये आली. खरं सांगते, या कामातला निम्मा वेळ फाइलींची नावं नीट करण्यात जातो, हे कोणी आधी सांगत नाही.

आता मोजायचं काय? गाण्याच्या भावनेचा आकडा काढायची कल्पना काही माझी नाही. जेम्स रसेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८० मध्ये भावनांचा एक नकाशा मांडला, आडव्या रेषेवर सुखद-दुःखद आणि उभ्या रेषेवर शांत-उत्तेजित, आणि संगीतवाल्यांनी तोच उचलला. स्पॉटिफायवर प्रत्येक गाण्याला 'व्हॅलेन्स' नावाचा ० ते १ मधला आकडा असतो तो त्यातलाच, १ म्हणजे आनंदी, ० कडे म्हणजे उदास किंवा चिडलेलं. हे मूळ तंत्र द एको नेस्ट या कंपनीचं, ती स्पॉटिफायने २०१४ मध्ये विकत घेतली. २०१७ मध्ये एका डेटावाल्याने हाच आकडा आणि गाण्यांचे शब्द एकत्र करून रेडिओहेड या बँडचं सगळ्यात उदास गाणं कुठलं ते शोधलं होतं, ते मी तेव्हाच वाचलेलं आणि डोक्यात राहिलं होतं. पण तयार आकडे मी घेतले नाहीत. तो आकडा आत नेमका कसा काढतात ते उघड नाही, आणि मला तर भांडण सोडवायचं होतं, त्यात "का" चं उत्तर देता आलं पाहिजे.

म्हणून लिब्रोसा वापरलं. पायथनची लायब्ररी आहे, फुकट आहे, गाण्याची फाइल दिली की त्यातनं लय, आवाजाची पातळी, स्वर असं काय काय काढून देते. उदास गाण्याची लक्षणं म्हणून अभ्यासक जे सांगतात ते बरंचसं माणसाच्या बोलण्यासारखंच आहे, दुःखी माणूस हळू बोलतो, खालच्या आवाजात बोलतो, आवाजाला धार नसते. तर मी चार गोष्टी घेतल्या: लय किती संथ, आवाज किती हळू, आवाजाचा रंग किती काळोखा म्हणजे वरच्या कंपनांचा भाग किती कमी, आणि चौथं मेजर की मायनर, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातल्या दोन स्वररचना, ढोबळमानाने मेजर प्रसन्न आणि मायनर उदास. चारही एका मापात आणून सरासरी काढली आणि त्याला नाव दिलं उदासी निर्देशांक.

पहिल्याच रात्री निकाल आला आणि काकू पहिली. नुसती पहिली नाही, बाकीच्यांपेक्षा खूप वर. मास्तर चौथा! ग्रुपवर टाकलं तर काकूचा लगेच फोन. "अगं, माझी निम्मी गाणी खट्याळ आहेत, त्यातलं एक तर नवऱ्याची चेष्टा करणारं आहे, ते उदास कसं?"

तिचं बरोबर होतं. मी ते चेष्टेचं गाणं हेडफोन लावून ऐकलं आणि मग लक्षात आलं. रेकॉर्डिंग सत्तर वर्षांपूर्वीचं, लाखेच्या तबकडीवरनं आलेलं. त्या तबकड्यांवर वरची कंपनं फारशी उतरतच नसत, आणि आताची गाणी जशी आवाज चढवून चढवून मास्टर करतात तसलं तेव्हा काही नव्हतं. म्हणजे माझा प्रोग्राम गाणाऱ्या बाईंच्या गाण्यातलं दुःख मोजत नव्हता, तो जुना मायक्रोफोन मोजत होता. काकू उदास नव्हती, तिचं रेकॉर्डिंग जुनं होतं.

मग सगळ्या २०० गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणला आणि चार हजार हर्ट्झच्या वरचं सगळ्यांचंच कापून टाकलं, नव्या गाण्यांचं पण, म्हणजे शर्यत सारखी झाली. काकू तिसऱ्या नंबरवर आली. हे दुरुस्त करताना मला मनापासून वाईट वाटलं की हे आधी सुचलं नाही, कारण ती खरंच दुखावली होती. वडिलांच्या कॅसेटी होत्या त्यात.

लयीचं पण तसंच. लिब्रोसा लय शोधताना मिनिटाला १२० ठोक्यांच्या आसपास काहीतरी असणार असं धरूनच सुरुवात करतं. पाश्चात्त्य पॉपला ते चालतं. मास्तरच्या विलंबित एकतालाला, जिथे एका मात्रेला चार-चार सेकंद लागतात, त्याने ११० की काय लय सांगितली, म्हणजे तबल्याच्या मधल्या भरणाचे ठोके मोजले. ते मी हाताने दुरुस्त केलं, दुसरा इलाज नव्हता.

आणि मग मारवा राग. यावर मी जवळजवळ तीन आठवडे होते, आणि खरं म्हणजे हे सगळं लिहायला घेतलं ते यासाठीच.

मास्तरच्या यादीत उस्ताद अमीर खाँसाहेबांची जुनी एलपी होती, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. दरबारीला प्रोग्रामने मायनर म्हटलं, ठीक, गंधार-धैवत-निषाद (ग, ध, नी) कोमल आहेत, अपेक्षितच होतं. पण मारव्याला सरळ मेजर. म्हणजे माझ्या हिशोबात आनंदी! ज्याने कोणी कातरवेळेला एकट्याने मारवा ऐकलाय त्याला हे पटणार नाही, मलाही पटलं नाही.

प्रोग्राम काय करतो ते आधी सांगते. बारा स्वरांपैकी कुठला किती वाजला याची बेरीज करतो आणि ती बेरीज बारा मेजर आणि बारा मायनर साच्यांना लावून बघतो, जो साचा जास्त जुळेल तो सांगतो. हे साचे क्रुमहान्सल आणि केसलर यांनी १९८२ मध्ये श्रोत्यांवर प्रयोग करून काढलेले, अर्थात पाश्चात्त्य संगीताच्या श्रोत्यांवर. मी मास्तरला फोन लावला, म्हटलं तुझ्या मारव्यात शुद्ध गंधार आहे म्हणून हा मेजर म्हणतोय का? तो म्हणाला थांब. तंबोरा लावला त्याने, फोन स्पीकरवर ठेवला, आणि गायला नाही, नुसतं बोलला.

"सा कुठला सांगतोय तुझा प्रोग्राम?"

मी बघितलं. सा चुकला होता. प्रोग्राम धैवतालाच सा समजत होता.

तो म्हणाला, "बरोबर आहे त्याचं. आता तू पण ध ला सा मान. तिथनं मोजलास तर कोमल रे हा त्याचा शुद्ध गंधार होतो, आणि ग हा त्याचा पंचम. सा, शुद्ध ग, प, झाला की नाही मेजर? मारव्यात गाणारा रे आणि ध वर राहतो, सा वर टेकतच नाही, टाळतो. ऐकणाऱ्याला सारखं वाटत राहतं आता येईल, आता येईल. त्यालाच तुम्ही हुरहुर म्हणता."

मी त्या रात्री ती बाजू परत ऐकली, या वेळी बोटावर मोजत, सा कधी येतो ते. मुलगा झोपला होता, बाल्कनीत बसले होते. मंद्रातनं, म्हणजे खालच्या सप्तकातनं, वर येतो आवाज, निषाद, कोमल रे, तिथे थांबतो, आणि तिथनं सा एका बोटाच्या अंतरावर आहे, आणि तो जात नाही, परत खाली धैवतावर जातो. किती वेळा! मग एकदा येतो सा वर, अगदी थोडा वेळ, आणि माझ्या छातीतनं खरंच श्वास सुटला. मला तेव्हा वाटलं की जे मोजायचं ते हे आहे, लय आणि मायनर नाही, घरी परतायला किती वेळ लागतो ते.

पण एका रागावरनं ठरवायचं नव्हतं, म्हणून आधी माणसांचं मत घेतलं. प्रत्येकाने दुसऱ्या चौघांच्या १६० गाण्यांचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे ऐकायचे आणि शून्य ते पाच मार्क द्यायचे. ८० मिनिटं ऐकायचं काम, दोन रविवार लागले. शीटमध्ये मी एकच रकाना ठेवला होता, उदास. डॉक्टरने पहिल्याच रविवारी भांडण काढलं की एका रकान्यात भागणार नाही. ती म्हणाली, "उदास म्हणजे होऊन गेलेलं आहे, रडून झालंय, आता बसलोय. हुरहुर म्हणजे अजून काहीतरी अडकलंय. माझ्या बैठकीच्या लावण्यांत उदास काहीच नाही गं, हुरहुर सगळीकडे आहे." मग दुसरा रकाना काढला, आणि पहिल्या रविवारची सगळी गाणी सगळ्यांनी परत ऐकली. कोणी कुरकुर केली नाही, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

दोन रकाने केल्यावर चित्र एकदम साफ झालं. माझा सुधारलेला निर्देशांक आणि उदासचे मार्क बऱ्यापैकी बरोबर चालत होते, संथ, हळू, मायनर, तर लोक उदास म्हणत होते. १९९९ मध्ये कॅनडात एक अभ्यास झाला होता, आपले राग कधी न ऐकलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांनाही कुठला तुकडा दुःखाचा आणि कुठला आनंदाचा हे ओळखता आलं होतं, लयीसारख्या खुणांवरनं, ते याच्याशी जुळतं. पण हुरहुरच्या मार्कांशी माझ्या आकड्याचा संबंध जवळजवळ नव्हताच.

मग नवीन माप. आधी डेमक्स नावाच्या प्रोग्रामने गाण्यातनं गायकाचा आवाज वेगळा काढला, वाद्यं बाजूला केली. मग त्या आवाजाचा सूर क्षणाक्षणाला काय आहे ते काढलं, सेकंदाला ४३ वेळा. आता सा कुठला ते सांगायला पाहिजे, आणि प्रोग्रामवर विश्वास उरला नव्हता, तर मास्तरने तीन संध्याकाळी फोनवर बसून एकेक गाणं ऐकून पेटीच्या पट्टीत सा सांगितला, काळी एक, पांढरी चार, काळी पाच, हे जरा चढलंय, टेपचा वेग जास्त आहे, काळी एक आणि वर थोडं. मी टाइप करत होते. सूर सा च्या जवळ आहे आणि तिथे निदान पाव सेकंद थांबलाय, कुठल्याही सप्तकात, तर म्हणायचं घरी आला. आणि दोन घरी येण्यांच्या मध्ये किती वेळ गेला तो मोजायचा. बास, एवढंच माप.

भूप, दुर्गा अशा रागांतल्या गाण्यांत काही सेकंदांत गायक परत येतो. मारव्यात ते अंतर काही ठिकाणी मिनिटाच्या वर गेलं. मास्तरच्या आणि काकूच्या गाण्यांत, म्हणजे ख्याल, नाट्यगीत, भावगीत, या सगळ्यांत हे अंतर आणि हुरहुरचे मार्क छान जुळले. काकूचं एक भावगीत होतं, लय मध्यम, स्वर सगळे शुद्ध, माझा पहिला प्रोग्राम म्हणत होता प्रसन्न, आणि सगळ्यांनी हुरहुरला चार नाहीतर पाच दिलेले. नवीन मापात ते वर आलं, कारण प्रत्येक ओळ पंचमावर सोडून दिलेली आहे, ध्रुवपदाला येईपर्यंत सा नाहीच. हे बघून मी काकूला रात्री साडेअकराला फोन केला आणि तिने तिकडनं ती ओळ म्हणून दाखवली, "हां, इथे सोडते ती."

अण्णाच्या गाण्यांना मात्र हे माप लागू पडलं नाही. तिथे तंबोरा नाही, मागे कॉर्ड बदलत असतात, गायक एकाच स्वरावर थांबला तरी त्याच्या खालची जमीन सरकते, म्हणजे तोच सूर एकदा घर असतो आणि एकदा नसतो. त्यासाठी कॉर्ड ओळखून वेगळं माप करायला पाहिजे. अण्णाने स्वतः गिटार घेऊन मला हे समजावलं आणि मग त्याची ४० गाणी मी या मापातनं काढली, शून्य दिलं नाही, काढली.

आणि डॉक्टरची लावणी. ढोलकी जोरात, लय चढी, गायिका सा वर वारंवार येते, माझी दोन्ही मापं म्हणतात की मजेत आहे. शब्द काय, तर तो येतो म्हणून गेला आणि पावसाळा संपला. मी मराठी ट्विटांवर शिकवलेलं, शब्दांतली भावना ओळखणारं एक मॉडेल लावून बघितलं शब्दांना. त्याने सगळ्या ओळी तटस्थ सांगितल्या, कारण विरहाच्या ओळीत वाईट शब्द एकही नसतो, शालू असतो, दिवा असतो, दार असतं. डॉक्टर म्हणाली तू क्लिनिकवर ये एक दिवस, संध्याकाळी आपण फडावर जाऊ, तिथे बाई कशी एकाच ओळीवर बसून अदा करते ते बघ, मग मोज. ते अजून राहिलंय, मार्चमध्ये जाणार आहे.

शेवटी नंबर लावायचेच म्हटल्यावर लावले. उदासमध्ये अण्णा पहिला, हुरहुरमध्ये, माणसांनी दिलेल्या मार्कांवर, मास्तर आणि डॉक्टर जवळजवळ बरोबरीत. काकू दोन्हींत मध्ये. मी स्वतः उदासमध्ये दुसरी निघाले, ते मला माहीत नव्हतं. माझ्या यादीतली बरीच गाणी आई गेली त्या वर्षातली आहेत, हे मी यादी परत वाचताना बघितलं. ग्रुपवर यावर कोणी काही बोललं नाही, मास्तरने फक्त दुसऱ्या दिवशी स्वतः गायलेला भूप पाठवला, चार मिनिटांचा.

एक गाणं मात्र मी कशातच बसवू शकले नाही. माझ्याच यादीतलं, भैरवीतलं भजन. त्याला हुरहुरचे चौघांचे मार्क असे: मास्तर ०, काकू ५, डॉक्टर ५, अण्णा २. एवढा फरक २०० गाण्यांत दुसरीकडे कुठेच नाही. मी कॉल लावून दोघांना विचारलं. मास्तर म्हणाला, भैरवी म्हणजे मैफल पूर्ण झाली, आता माणूस भरल्या मनाने घरी जातो, हुरहुर कसली? काकू म्हणाली, अरे पण भैरवी सुरू झाली की कळतं ना, आता हे उठणार. आमच्याकडे रेडिओवर लागली की बाबा आवाज वाढवायचे आणि कोणाशी बोलायचे नाहीत. मास्तर जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, माझा शून्य बदलू नकोस, पण तिचा पाच पण ठेव.

ती ओळ मी शीटमध्ये पिवळी करून ठेवलीय, तिची सरासरी काढलेली नाही.